सैल मूठ

मी नाटकी आहे, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. ठरवणारी माझी मोठी जाऊबाई. कपडे धुण्याच्या कारखान्यात आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलाशी शेजारी शेजारी उभ्या. त्यामुळे साक्षीदारही तीच आणि न्यायाधीशही तीच.

सकाळी इस्त्री उचलायला गेले की हात ढिम्म हलायचा नाही. आठ-दहा वेळा धडपडलं की जोर यायचा आणि थोडा वेळ चादरी सपासप निघायच्या. पायांचंही तेच. एकदा न्हाणीघरात स्टुलावर बसले ती अडकलेच. हाका मारल्या, तर बाहेरून जाऊबाई म्हणते, "ऊठ गं, पालखी येणार नाहीये!" झटापट करून उठले एकदाची. दार उघडलं तर टोमणा तयार: "आलीस ना उठून? मग बोंब कशाला मारत होतीस?"

काय सांगणार, कप्पाळ! माझं शरीरच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

म्हणून डॉक्टरांकडे मी शहाणपणा केला. त्यांनी दोन बोटं पुढे केली. "दाबा." दाबली, जोर नव्हताच. "पुन्हा. अजून एकदा." हातात जोर येतोय असं वाटलं. हेही मला ढोंगी म्हणणार! मी मूठ सैल सोडली. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. सात महिन्यांत चार खेपा झाल्या, दर वेळी हेच.

पाचव्या खेपेला जाऊबाई सोबत आली आणि तिथेच भडकली. "काही झालेलं नाही हिला, डॉक्टर! दहादा दाबायला लावा, बघा कशी पिळते बोटं!"

डॉक्टर लिहायचे थांबले. "ताई, आता सगळा जोर लावून दाबत राहा." आठव्या वेळी त्यांनीच बोटं सोडवून घेतली. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "दाबता दाबता जोर वाढतो, ही एका आजाराची खूण आहे. छातीचा स्कॅन करू."

"हात दुबळा आणि तपासायची छाती?" मी विचारलं.

"कधी कधी आत गाठ लपलेली असते. शरीर तिच्याशी भांडायला जातं आणि मार नसांना बसतो. गाठ कळायच्या आधी हातपाय बोलतात."

गाठ निघाली. फुप्फुसात, कर्करोगाची. डॉक्टरांनी विचारलं, "हे पहिल्याच खेपेला का नाही दिसलं मला?"

जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "माझ्यामुळे झालं गं!" मी तिला उगी उगी म्हणत राहिले, आणि डॉक्टरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.