काळ्या रेघेच्या दोन बाजू

जेवता जेवता सुनेने विषय काढला आणि अप्पांचा घास हातातच राहिला.

"अप्पा, वरच्या कड्यावरचं ते राखाडी दगडफूल एक नाही. दोन आहेत."

दगडफुलांवरून वाद होणं या घराला नवीन नव्हतं. अप्पांनी उभा जन्म डोंगरातल्या खडकांना भिंग लावण्यात घालवला होता. ते निवृत्त झाल्यावर वनस्पती संग्रहालयातली त्यांची खुर्ची सुनेकडे आली, तीही तिच्या हिमतीवर. पण या राखाडी दगडफुलाची गोष्ट वेगळी होती. ते अप्पांनीच पहिल्यांदा ओळखलं होतं. त्यांच्या ग्रंथात त्याचं अख्खं प्रकरण होतं.

"कशावरून म्हणतेस?"

"पोटॅशचा थेंब टाकला. एक पिवळं होऊन लालभडक होतं, दुसरं ढिम्म."

"रंग बदलला म्हणून प्रजाती बदलत नाही. उन्हात हिंडलो की मीही लाल होतो."

"बीजाणूही वेगळे आहेत. एकात एकच पडदा, दुसऱ्यात तीन."

"एक सावलीतलं असेल, एक उन्हातलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा संसार. जागा बदलली की संसाराची तऱ्हा बदलते." अप्पा उठले. "बारशाची घाई नको."

तिला राग आला, पण शंका रास्त होती. तिचे नमुने खरंच वेगवेगळ्या उतारांवरचे होते.

मग ती सुट्टी मिळेल तशी कड्यावर जाऊ लागली. गुडघे सोलले, ओठ फुटले, वाऱ्याने कान बधिर झाले. "आता तंबूच ठोक तिथे," नवरा म्हणाला. शेवटी एका घळीच्या तोंडाशी ती पोटावर आडवी झाली आणि एकटीच मोठ्याने हसली. एकाच दगडावर दोन्ही दगडफुलं एकमेकांना भिडून वाढली होती आणि मधून काळी रेघ गेली होती, शेताच्या बांधासारखी. छिन्नी-हातोड्याने तिने तेवढा कपचा सोडवला.

"ओट्यावर दगड कसला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या नवऱ्याला उत्तर."

अप्पा कपचा घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ भिंगातून डोळा निघेना.

"एकच दगड," ते पुटपुटले.

"ऊनही एकच, वाराही एकच," ती म्हणाली.

त्यांनी पोटॅश मागितलं. रेघेच्या अलीकडे थेंब लाल झाला, पलीकडे काहीच नाही. ब्लेडने पातळ काप त्यांनी तिलाच घ्यायला लावले, पण सूक्ष्मदर्शकावर मात्र स्वतः वाकले.

"तीन पडदे," ते हळूच म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर काय झापड होती गं?"

"तुमच्याकडे हा दगड नव्हता, अप्पा."

"नव्हता कसा? तिथेच होता. तू शोधलास."

नव्या प्रजातीला त्यांचं नाव द्यायचं तिच्या मनात होतं. अप्पांनी उडवून लावलं. "माझ्या चुकीला माझंच नाव? शेजारी म्हण त्याला. शेजारीच तर आहे." म्हणून लॅटिनमध्ये त्याच अर्थाचं नाव ठरलं.

परिषदेत तिने दोन्हींचे फोटो, बीजाणू आणि डीएनएचे निकाल मांडले. बोलणं संपताच पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी हात वर केला. "पण प्रमाणग्रंथात ही एकच प्रजाती आहे."

मागच्या रांगेत काठी वाजली. अप्पा उभे राहिले.

"ग्रंथ चुकलाय. खात्रीने सांगतो, मीच लिहिलाय." सभागृह हसलं. अप्पा हसले नाहीत. "पुढची आवृत्ती ही लिहील. शंका असतील तर हिला विचारा. मीही हल्ली हिलाच विचारतो."

टाळ्या सुरू झाल्या. तिला समोरचं काही नीट दिसेना, तरी मान ताठ होती.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "हेच घरी म्हणाला असतात तर?"

"घरी एवढ्या टाळ्या कुणी वाजवल्या असत्या?" म्हणत अप्पांनी सुनेची जड बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.