तीन हाका

मुरबाडच्या साईनाथनं भातगिरणीच्या कंट्रोलरमधला वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रामवर पहारा ठेवणारा टायमर, अखेर वठणीवर आणत आणला होता. दहा सेकंदांत प्रोग्रामनं ‘जागा आहे’ असं कळवलं नाही, की तो यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचा. प्रोग्रामला उठायलाच पंधरा सेकंद लागत, त्यामुळे गिरणी नुसत्या उठाबशा काढायची. आता वॉचडॉगच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये दहाऐवजी हवी ती मुदत घालता येणार होती. साईनाथ खुशीत शेवटची ओळ टाइप करत होता.

आईनं जेवायला तीन हाका मारल्या, आणि उत्तर येईना म्हणून सरळ घराचा मेन स्विच खाली ओढला. मॉनिटर काळा.

“आये! सेव्ह नव्हतं केलं गो!”

“तीन हाकांत ओ नाय, म्हंजे तू अडकलास.”

“मग तीन हाकांच्या दहा कर ना!”

“तुझ्या बापानंबी लय सांगून पाह्यलं. ती सोय माझ्यात नाय.”