डावीकडची जागा

परदेशातून आलेले गुरुजी आम्हाला उपदेशक व्हायला शिकवत. ते एक वाक्य बोलून थांबत, आणि डावीकडे उभा असलेला दुभाषी ते आमच्या भाषेत सांगे. आज त्या दुभाष्यालाच माती द्यायची होती. कबरीपाशी गुरुजी एक वाक्य बोलले आणि सवयीने डावीकडे बघत थांबले. तिथे कोणीच नव्हतं.

दुभाष्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, काय म्हणाले ते? जन्मभर हे दुसऱ्यांचं बोलले. आता हे कुठे गेले, एवढं तरी मला सांगा."

मला ओ की ठो कळलं नव्हतं. तरी मी गुरुजींच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो.

"ते म्हणतात, वहिनी, दादा देवाजवळ आहे."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. गुरुजी पुढचं वाक्य बोलले आणि थांबले.