रंगीची जागा

“ए, रांगेत मधेच ही जागा कुणासाठी सोडता गं तुम्ही?”

प्रेमलानं विचारलंच. मागे बाभळीखाली लीना आणि विजया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. “तुझी काय बिशाद विचारायची,” असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

दिवाळीपासून शेवगावच्या शाळेतल्या या तिघी मैत्रिणी दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या वस्तीवर यायच्या. प्रेमला पोरींची कवाईत घ्यायची, मग आयांना सांगायची, भाजीचं पाणी फेकू नका, मटकीला मोड आणा. गळ्यात शिट्टी आल्यापासून तिचा आवाजच वाढला होता.

“तिथं रंगी उभी ऱ्हाती,” रांगेतली भागू म्हणाली.

“राहायची?”

“ऱ्हाती.” भागूनं हात पसरून दाखवले. कुणाला लागू नये तशी बोटं अलगद आखडून घेतली.

बाभळीखालचं हसू थांबलं. भागूची आई मनकर्णा दारात घोळाची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“माजी थोरली, ताई. तुमच्या आदीच्या बाई सांगायच्या, कवाईत उपाशीपोटी करावी. रंगी लई गुनाची. सांगितलं त्ये करायचीच. आदल्या रातची भाकर बी भागूम्होरं सरकवायची. म्हनायची, आये, पोट हलकं पायजे. आन् येका रविवारी हात वर केले, तशीच खाली बसली. उठलीच न्हाई.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

“भागूनं बी काल रातच्यापून काय खाल्लं न्हाई. तुमी बी तसंच सांगता न्हवं?”

प्रेमलानं शिट्टी ओठांशी नेली. फुंकली नाही.

“आज बसा सगळ्या,” ती म्हणाली.

घरी आईनं पान वाढलं होतं. कवाईतीचे नियम घालून देणारे नृसिंहमास्तर, तिचे बाबा, पाटावर बसले होते.

“आज लवकर आटोपलं?”

“कवाईत घेतलीच नाही.” प्रेमला उभीच राहिली. “आई, पुढच्या रविवारी रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी जास्त थाप. मी वस्तीवर नेणार आहे. तिथंच बसून त्यांच्याबरोबर खाणार. कवाईत नंतर.”

“तिथं बसून?” आईचा हात भातावर थांबला.

“अगं, भरल्या पोटी कवाईत केली तर पोटं दुखतात पोरींची,” बाबा म्हणाले.

“दुखू देत, बाबा.”