राजाची हनुवटी

कपाळावर केसाएवढी रेघ. पुढच्या नाण्यावर तीच भुवईपर्यंत. त्याच्या पुढच्यावर नाकावरून घसरून ओठापाशी.

नाही, असं नाही कळायचं. आधी ठसा. चांदीवर राजाचा चेहरा उमटवणारा पोलादी ठसा एकदा तडकला, आणि प्रत्येक घावासरशी तडा वाढत गेला. भेगेत चांदी घुसायची, नाण्यावर रेघ उठायची. दातांची डॉक्टर असलेली वहिनी ही नाणी ओळीने मांडून बसायची. शेवटच्यावर रेघ हनुवटीला टेकली होती.

पुढे?

पुढे ठसा फुटला असणार. त्या घावाचं नाणं काही हाती लागेना. वहिनीचा जीव त्यात अडकलेला.

धाकट्या दिराची चांदीची भट्टी. जुनी नाणी मुशीत टाकण्याआधी तो तिला बोलवायचा.

"लोकांचे दात बघून पोट भरत नाही वाटतं? आता राजाचे!"

"भावजी, तुमचा राजा निदान बोटाला चावत तरी नाही."

डोळ्यांत तेल घालून तिने ढीग उपसला. काही नाही. मागे आग फुलवणारा भट्टीचा पंखा घोंगावत होता, कानस खरखरत होती.

"काय घासताय?"

"या नाण्याला कुणीतरी गळ्यात घालायला कडी डकवलेली दिसतेय. कडी गेली, जोडाच्या डाकाचा गोळा राहिला. तो मुशीत गेला की चांदी नासलीच."

वहिनीने सहज खाली पाहिलं. डाक पिवळट असतो, हे त्यानेच तिला शिकवलेलं. कागदावर पडलेला कीस पांढराशुभ्र होता.

"थांबा!"

कानस हवेतच राहिली.

भिंगाखाली कपाळ. रेघ. नाक, ओठ. आणि हनुवटी

नव्हतीच. तिथे गुळगुळीत, कोरी चांदी फुगून वर आलेली. कुणी काही चिकटवलं नव्हतं. ठशाचा तुकडा निखळला होता. चांदीला अडवायला समोर काही उरलं नव्हतं, म्हणून ती रिकाम्या जागेत शिरली होती. हेच ते, त्या घावाचं नाणं.

"मी वाट लावली का हो?"

"दोनच ओरखडे आहेत. या, बघा."

तो वाकला. नाण्यांनी भरलेल्या मुशी आयुष्यभर रिकाम्या केलेला माणूस, पण त्याला भिंगावरून डोळा हलवेना.

"वहिनी, हे फुटलं तेव्हा आवाज झाला असेल?"

"मोठा."

त्याने हात लांबवला आणि भट्टीचा पंखा बंद केला.