पाचव्या पाकिटातला वर्ख

मी पाचव्या पाकिटातला वर्ख बोलतोय. आवाज बारीक वाटला तर समजून घ्या, माझी जाडीच तेवढी. माणसाच्या एका केसाचे सत्तर-ऐंशी पापुद्रे काढता आले, तर त्यातला एखादा साधारण माझ्याएवढा भरेल.

मी सोन्याचा आहे. हे ऐकलं की लोक जरा सरसावून बसतात, म्हणून आधीच खुलासा करतो. माझं सगळं सोनं गोळा केलं तरी मुंगीच्या कानात घालायला काही होणार नाही. माझा उपयोग वेगळा. मी मार खाण्यासाठी जन्मलो. प्रयोगशाळेत मला टार्गेट म्हणतात.

माझा जन्म तळमजल्यावरच्या एका खोलीत झाला. तिथे दाराबाहेर चपला काढाव्या लागतात आणि पंखा लावायला बंदी आहे. पंख्याच्या वाऱ्यानं आमच्यातले कितीतरी जण जन्मतःच कपाटामागे गेले आणि आजतागायत सापडलेले नाहीत. या खोलीचे मालक म्हणजे पत्रेमामा. कागदोपत्री ते तंत्रज्ञ आहेत, पण झाडूवाल्या बाईंपासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. तीस वर्षं ते धातू लाटतायत. सोन्याचा मणी स्टीलच्या दुमडलेल्या पत्र्यात ठेवायचा, हातानं फिरवायच्या दोन रुळांमधून काढायचा, घडी उघडून बघायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा काढायची. असं दोन-अडीचशे वेळा. मध्ये कुणी बोललं तर मामा उत्तर देत नाहीत. माणूस रागावलाय असं वाटतं, पण ते फक्त मोजत असतात.

आमची पट्टी लाटून झाली तेव्हा मामांनी तिचं वजन केलं, लांबी-रुंदी घेतली आणि भागाकार केला. चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम; आमच्यासारख्यांची जाडी अशी वजनातच सांगतात. मग त्यांनी सात पाकिटं घेतली, त्यांवर एक ते सात आकडे घातले आणि प्रत्येकावर सुंदर अक्षरात लिहिलं, जाडी २.००. त्यानंतर कात्री हातात घेतली. मामांची पद्धतच तशी. आधी नाव, मग जन्म.

पट्टीच्या मधल्या भागातून सात चौकोन कापले. एकेक चौकोन चिमट्यानं उचलून अॅल्युमिनियमच्या चौकटीवर चिकटवायचा. चार बसले. पाचवा चिमट्यात असताना मामांना शिंक आली.

पाचवा फाटला.

मामांनी नाक पुसलं, पट्टीचं शेपूट उरलं होतं त्यातून एक चौकोन कापला आणि पाचव्या पाकिटात घातला. तो मी. शेपटाकडे रूळ जरा जास्तच दाबतात, तिथे सोनं ताणून पातळ होतं. हे मला आतून माहीत होतं. पण सोनं एकच, पट्टी एकच, तेव्हा जाडीही एकच असणार, असं मामा धरून चालले. एकदा चौकटीला चिकटल्यावर माझं वेगळं वजन करणंही शक्य नव्हतं. चौकट माझ्या शेकडोपट जड. आणि मला बोलता येत असतं तरी दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मिळालेला माणूस पहिल्या दिवशी तोंड उघडतो का?

आम्हा सातांना ज्या मुलीनं नेलं, तिला मामा ताई म्हणत. ती त्यांच्या लेकीपेक्षा लहान होती. पीएचडीचं चौथं वर्ष. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात बहुधा सकाळचंच काहीतरी, तेही संध्याकाळी खायचं राहून गेलेलं. तिची आई रोज फोन करून विचारी, की तुझं ते मोडणारं काय ते मोडलं का.

ते मोडणारं म्हणजे लिथियम. लिथियमच्या अणूच्या पोटातला गाभा म्हणजे जुन्या सुतळीनं एकत्र बांधलेली दोन गाठोडी. एक मोठं, एक लहान. जरा धक्का बसला की सुतळी सुटते. भलंमोठं यंत्र अशी लाखो-करोडो गाठोडी वेगानं माझ्या अंगावर फेकतं. त्यातली काही सोन्याच्या गाभ्यात बांधल्या जोडीनं शिरतात. काहींची सुतळी दारातच सुटते, मग एक गाठोडं आत जातं आणि दुसरं भलतीकडे. ताईला मोजायचं होतं ते एवढंच, की जोडीनं आत शिरणारे किती.

जोडीनं शिरलं की सोन्याचं शिसं होतं. शतकानुशतकं माणसांनी शिशाचं सोनं करायचा ध्यास घेतला. इथे सोन्याचं शिसं करतात आणि त्यावर डॉक्टरेट मिळते.

हे शिसं टिकाऊ नसतं. ते मोडताना ठरावीक किरण सोडतं. म्हणून मारा संपला की मला आणि माझ्यातून उडणारं शिसं झेलायला पाठीशी उभ्या असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला शिशाच्या विटांच्या कोठीत ठेवत आणि किरण मोजत. शिसं किती झालं ते त्यावरून कळे. मग त्याला दोन आकड्यांनी भागायचं, लिथियमचे किती गाभे आले आणि त्यांच्या वाटेत सोन्याचे किती होते. पहिला आकडा यंत्र सांगे. दुसरा पाकिटावर लिहिलेला होता, सुंदर अक्षरात.

सात पाकिटं, सात वेगवेगळे वेग. माझ्या वाट्याला पाचवा वेग आला. चार तास मारा खाल्ला. त्याबद्दल तक्रार नाही, नोकरीच ती.

निकाल लागला तो असा. हिशेबानं शंभर जोड्या आत जायला हव्यात, तिथे माझ्या सहा भावंडांकडे अडुसष्टच्या आसपास गेल्या. म्हणजे बाकीच्या दारात सुटल्या. यात नवल नव्हतं. जगात चार-पाच ठिकाणी हेच आढळलं होतं. माझ्याकडे मात्र पंचावन्न निघाल्या. आलेखावर सहा ठिपके एका ओळीत उभे, आणि पाचवा खड्ड्यात.

ताईनं तो आलेख छापून भिंतीवर लावला. मॅडमना दाखवला. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्या कोणत्याही गोष्टीवर लगेच खूश होत नाहीत. त्यांनी आलेख जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि किरणांची मोजणी पुन्हा करून बघ म्हणाल्या. ताईनं तीनदा केली. तीनदा पंचावन्न. या एकाच वेगाला सुतळी इतकी पटापट का सुटावी, याचं उत्तर ताईनं दोन महिने खपून शोधलं. ते उत्तर फार देखणं होतं. त्यात समीकरणं होती. मी ते पाकिटातून ऐकायचो आणि मलाही क्षणभर वाटायचं, की असेलही.

एका मोठ्या परिषदेत तिचं वीस मिनिटांचं भाषण ठरलं. दूरच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख तिथे येणार होते. त्यांनी आधीच पत्र लिहून खड्ड्याची चौकशी केली होती आणि त्यांच्याकडे दोन वर्षांची एक जागा रिकामी होती. ताईची शिष्यवृत्ती संपायला तीन महिने उरले होते. पुन्हा यंत्र मिळायचं तर रांग वर्षभराची. तिच्या प्रबंधात नवं असं एकच होतं, आणि ते म्हणजे मी.

परिषदेच्या आठ दिवस आधी ती मामांच्या खोलीत आली. चपला काढल्या. आलेख त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "मामा, तुमच्या पाच नंबरनं नाव काढलं."

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "पाच? पाच तर फाटला."

"फाटला कसा? माझ्याकडे आहे की तो."

"तो बदली. शिंक आली होती मला. शेपटाचा लावला मग." एवढं बोलून मामांनी रुळांचं हँडल फिरवायला घेतलं. त्यांच्या मते विषय संपला होता.

ताई तिथेच उभी राहिली. तिनं विचारलं, शेपटाची जाडी वेगळी मोजली होती का. मामांनी मोजता मोजताच नकारार्थी मान हलवली. 

पुढचे दोन दिवस मी फार जवळून पाहिले, कारण मी तिच्या टेबलाच्या खणात होतो. तिनं मला बाहेर काढलं, प्रकाशात धरलं, परत ठेवलं. जेवून आली, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. पलीकडच्या खोलीत मला मोजायचं साधन होतं आणि काम सगळं मिळून दोन तासांचं. कणांचा एक लहानसा उगम असतो. त्याचे कण माझ्यातून पार जाऊ द्यायचे आणि त्यांचा जोर किती उतरला ते बघायचं. जाड वर्ख जास्त जोर खातो, पातळ कमी खातो. मी पातळ निघालो, तर वाटेत सोनंच कमी होतं, म्हणजे खड्डा नाही. खड्डा नाही तर समीकरणं नाहीत, भाषणात काही नाही, ती जागा नाही. न मोजलं तर कुणी विचारणारही नव्हतं. पाकिटावर २.०० लिहिलेलं होतं आणि मामांच्या अक्षरावर तीस वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मॅडमकडे गेली. मला हातात घेऊनच गेली. शिंकेची हकीकत सांगितली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आली नसतीस तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? मोजायच्या खोलीची किल्ली तर तुझ्याकडेच आहे."

ताईनं मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "भाषणाचा सारांश छापून गेलाय, मॅडम. त्यावर नाव तुमचंही आहे."

"असू दे. छापलंय म्हणून सोनं जाड होत नाही."

मोजायला ताईनं मामांनाही बोलावलं. त्यांच्या पाठीमागे मोजायचं तिच्या जिवावर आलं होतं. मामा आले, स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवले. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारी माणसं बसतात तसे. मला एका डब्यात ठेवलं, झाकण लावलं, हवा काढायचा पंप सुरू केला. माझ्यातून कण जाऊ लागले. लिथियमच्या माऱ्यापुढे हे म्हणजे गुदगुल्या. खोटं मला बोलता येत नाही, तेव्हा जेवढा होतो तेवढाच भरलो.

पडद्यावर आकडा आला. ताईनं कागदावर भागाकार केला, खाली रेघ मारली.

"मामा, पातळ आहे."

"किती?"

"एकोणीस टक्के."

मामा काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी असे किती शेपटाचे तुकडे किती पाकिटांत घातले असतील, ते ते मोजत असावेत. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. पाकिटावरचे २.०० खोडले आणि त्याखाली तशाच सुंदर अक्षरात १.६२ लिहिलं. तारीख घातली. सही केली.

"बाकीचे सहाही आण," ते म्हणाले. "आणि कपाटात जुने आहेत. तेही काढू."

जुन्या जाडीऐवजी नव्या जाडीनं भागलं, तर पंचावन्नाचे अडुसष्ट झाले. खड्डा भरला. मी माझ्या भावंडांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. इतक्या साध्या जागी उभं राहायला मला एवढा खटाटोप करावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

ताई परिषदेला गेली. परत आल्यावर तिनं मामांना सगळं सांगितलं ते मी ऐकलं. भाषणाच्या सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं, की छापलेल्या सारांशातला खड्डा मागे घेतलाय, वर्ख पातळ निघाला. सभागृहात कुणीतरी हसलं. दूरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी नम्रपणे आभार मानले आणि चहाच्या वेळी ते दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. ती जागा पुढे एका मुलाला मिळाली. त्याच्या आलेखात उंचवटा होता.

त्या दिवशी ताई मामांसमोर थोडी रडली. मामांनी रूळ थांबवले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझ्यामुळं झालं गं." ती म्हणाली, की तुमच्यामुळं कळलं. शिंक आली हे तुम्ही सांगितलं नसतं, तर तो खड्डा जन्मभर माझ्या नावावर राहिला असता.  मामांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

प्रबंध वर्षभर लांबला. मॅडमनी कुठूनतरी सहा महिन्यांची सोय लावली, पुढच्या सहा महिन्यांत ताईनं पदवीच्या मुलांना शिकवलं. कपाटातले एक्केचाळीस जुने वर्ख तिनं आणि मामांनी मिळून मोजले. त्यातले नऊ लेबलापेक्षा वेगळे निघाले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी ते वापरले होते त्यांना पत्रं गेली. दोघांची उत्तरं आली. एकानं आभार मानले. दुसऱ्यानं विचारलं, आत्ताच का. प्रबंधाचं ते प्रकरण आता सगळ्यात छोटं आहे आणि त्यात नवं काही नाही. त्यात फक्त सात ठिपके आहेत, आणि सातही खरे आहेत.

मी आता निवृत्त आहे. अंगातलं शिसं केव्हाच मोडून गेलं, जवळ आलात तरी भीती नाही. माझा एक कोपरा सुटलाय आणि चौकट खणात इकडेतिकडे सरकते. एक दिवस कुणी खण झटकन ओढेल आणि मीही कपाटामागे जाईन. त्याचं दुःख नाही.

तोपर्यंत नव्या विद्यार्थ्यांच्या हाती कधी आलो, तर एकच मागणं आहे. पाकिटावर काय लिहिलंय ते जरूर वाचा, मामांचं अक्षर खरंच वाचण्यासारखं आहे. मग मला बाहेर काढा आणि मोजा. कमी भरलो तर तसं लिहून ठेवा. मला वाईट वाटणार नाही.