सुकन्येच्या हळदीचा धवला

लग्नघरात सगळं होतं, आवाज तेवढा नव्हता. गुणाबाई म्हणजे पडघ्याच्या आसपासची नावाजलेली धवलारीण. तिनं धवला गाऊन देवांना आवतण दिल्याशिवाय आगऱ्यांच्या घरात हळद लागत नसे. आणि नेमका नातीच्या, सुकन्येच्या हळदीला म्हातारीचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, पण तोंडातून नुसता वारा निघे.

"आये, मोबाईलवर लावू ना," तिचा लेक हिरामण म्हणाला. गुणाबाईनं असं पाहिलं की तो बाहेरच गेला. देवांना काय रेकॉर्डिंगनं बोलवायचं?

खरं दुखणं घशाचं नव्हतंच. घसा आज ना उद्या सुटला असता. पण लेकी, सुना, भाच्या, सगळ्यांना शिकवून ती थकली होती. दोन ओळींपुढे कुणी टिकलं नव्हतं. आपल्यामागे धवला संपला, हेच तिच्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून धवला उठला. जैतूनबी गात होती. कुंपणापलीकडची, गुणाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासूनची शेजारीण. चाल तीच, आणि श्वास घ्यायच्या जागाही थेट गुणाबाईच्या सासूच्या! गुणाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

देवांची नावं घ्यायची जागा आली आणि जैतूनबी थांबली.

"गुणाबाय, नावां मी घेऊ?"

गुणाबाईनं मानेनं हो म्हटलं. जैतूनबीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना जेवायला हाक मारावी तशी एकेका देवाला हाक मारली. गणपतीला, एकवीरेला, गावदेवीला. गुणाबाईनं आपोआप हात जोडले. जन्मभर तिनं देवांना बोलावलं होतं. ते आल्याचं तिला आज पहिल्यांदा जाणवलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.

"तुझी सासू शिकवत व्हती तवा चुकायचीस तू," नंतर जैतूनबी हसत म्हणाली. "शिव्या तुला, आन् कुंपनाआड धवला पाठ मना!"

पुढच्या आठवड्यात अंबाडीचे दौलत पाटील लेकीच्या लग्नात धवला गायची सुपारी घेऊन आले. गुणाबाईचा आवाज आता खणखणीत होता. तरी तिनं सुपारीला हात लावला नाही.

"ती जैतूनच्या हाती द्या," ती म्हणाली. "म्होरं ती गाईल. मी हाय तिच्या मागं."

पाटलांनी कुंपणापलीकडे पाहिलं, चप्पल पायात घातली आणि निघाले तिकडे.